चारशे तेवीस लाल घरं

वर्गात मी दुसरा आलो होतो. अर्ध्या गुणाने. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे त्या अर्ध्या गुणाची किंमत काय असते ते अलेक्झांड्रियातल्या कुठल्याही शिकलेल्या माणसाला विचारा. पहिला येतो त्याला विभाग ठेवून घेतो. तो सहायक होतो, मग व्याख्याता, मग प्राध्यापक, आणि मरतो तेव्हा विभागाला एक दिवस सुट्टी मिळते. दुसऱ्याशी हात मिळवतात आणि घरी पाठवतात.

मी घरी गेलो नाही. चिकटून राहिलो. शहराबाहेरच्या एका विद्यापीठात नगररचना शिकवायला लागलो, पण तासावर, आणि शिकवता शिकवता डॉक्टरेट केली. ज्या सत्रात तास मिळाले त्या सत्रात मी डॉक्टर, नाही मिळाले त्या सत्रात बुरई सुताराचा मुलगा. अशी अकरा वर्षं गेली. या अकरा वर्षांत माझ्या नावाची खुर्ची तर सोडाच, कोट अडकवायला खिळाही नव्हता. लग्न राहिलं ते राहिलंच. बिनपगारी जावई कोण करून घेणार?

आम्ही कालव्याकाठच्या कोम बलाह वस्तीत राहायचो, मी आणि माझे वडील. वडिलांनी आयुष्यभर बोटी बांधल्या. घरही त्यांनी स्वतःच बांधलं, त्यामुळे ते थोडं बोटीसारखंच होतं: छताला बोटीच्या तुळया, जिना अरुंद, आणि पावसाळी दिवसांत कालव्याची ओल मागच्या भिंतीतून आत. शहात्तर वर्षांचे होते, साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या, पण दसूकीच्या कॉफीखान्यात रोज सकाळी जाऊन "माझा डॉक्टर" असं एकदा तरी म्हटल्याशिवाय त्यांचा चहा खाली उतरत नसे.

"औषध लिहून देत नाही, घर लिहून देत नाही," दसूकी म्हणायचा, "मग हा कसला रे डॉक्टर, अम्म बुरई?" अम्म म्हणजे काका; सगळी वस्ती त्यांना तशीच हाक मारायची.

"वस्त्यांचा डॉक्टर आहे तो," वडील म्हणायचे. "तुझ्या डोक्यात शिरायचं नाही ते. तू हुक्क्याचे निखारे बघ."

वस्त्यांचा डॉक्टर. ऐकून मला हसू यायचं आणि छातीही फुगायची, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरेटसाठी मी आमच्याच वस्तीची पाहणी केली होती. सहाशे बारा घरं. ती पाहणी माझी म्हणून मिरवतो, पण तिचे पाय वडिलांचे. नगररचना शिकलेली माणसं हातात फळी आणि कागद घेऊन वस्तीत आली की आमच्याकडे दारं बंद होतात. वीजमीटर तपासायला आलेत, कर लावायला आलेत, काय सांगावं? म्हणून वडील पुढे चालायचे. दार वाजवायचे आणि ओरडायचे, "उघड गं, परका कोणी नाही, माझाच आहे!" मग दार उघडायचं, चहा यायचा, आणि आम्ही भिंती बघायचो. मी आणि माझे चार विद्यार्थी.

आमच्या धंद्यात घरांना रंग देतात. चांगलं घर हिरवं, बरं घर पिवळं, वाईट घर लाल. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, लाल म्हणजे जिथे आधी धावायचं ते घर, इस्पितळात ज्याला आधी आत घेतात तसं. दुरुस्तीचा पैसा आला तर आधी लालला. सुरुवात मी आमच्याच दारापासून केली. नंबर एक. मागच्या भिंतीला तडा होता, ओल होती. मी घराला लाल रंग दिला, आणि तिथेच उभं राहून पोरांना निःपक्षपातीपणावर भाषण ठोकलं: बघा, बापाचं घर आहे म्हणून हात आखडला नाही. वडील बाजूला उभे होते. त्यांनी बांधलेल्या भिंतीला मी सगळ्यांदेखत वाईट म्हणत होतो, आणि ते मान हलवत होते. मुलगा बोलतोय चांगलं, एवढंच त्यांना कळत होतं.

दुरुस्तीची गोष्ट वस्तीत पसरायला किती वेळ लागतो? दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांना लाल व्हायचं होतं. उम्म हनफी म्हणून एक विधवा, आमच्या मागच्या गल्लीतली, रस्त्यात आडवी आली.

"माझं घर पिवळं का रे, पोरा? माझ्यावर कसला राग? तुझ्या लहानपणी तुला मीच मांडीवर घेतलंय ना?"

"अहो खाला, तुमचं घर बरं आहे. आनंद माना."

"बरं आहे? ये, दाखवते."

तिने दाखवलेला तडा बोटभर रुंद होता. आदल्या दिवशी तो केसाएवढा होता. खाली जमिनीवर गिलाव्याचे ताजे तुकडे पडले होते आणि चुलीमागे हातोडी. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. मी तिला लाल दिला. मग तिच्या शेजारणीला दिला. मग कोणाकोणाला देत गेलो. वाटलं, पैसा येईल तेव्हा यांच्या नशिबात चार पोती सिमेंट जास्त पडेल, त्यात काय बिघडलं? आकडा शेवटी चारशे तेवीसवर गेला. खरोखरची लाल घरं अडीचशेच्या वर नसतील. नगररचनेच्या माणसाने केलेली लबाडी आहे ही, आणि ती प्रेमापोटी केली, म्हणून ती लबाडी मला कधी दिसलीच नाही.

पुढे डॉक्टरेट झाली, दुरुस्तीचा पैसा काही आला नाही, आणि पाहणी सात वर्षं माझ्या कपाटात पडून राहिली.

मग विद्यापीठात नवा विभाग निघाला. शहरविकास आणि बांधकाम व्यवसाय. जाहिरात रविवारी आली: एक पद, कायम, राहायला विद्यापीठाचं घर. डॉक्टरेट हवी, पाच वर्षं शिकवलेलं हवं, आणि शेवटी एक ओळ: उमेदवाराने केलेली एखादी प्रत्यक्ष पाहणी शासकीय विकास कार्यालयाने स्वीकारलेली असावी.

विभागाच्या प्रमुख डॉ. इस्मत लाशीन यांनी मला बोलावलं. बाई बोलायला फटकळ, पण मनात माझ्याबद्दल बरं होतं.

"मुख्तार, ही जागा तुझी आहे. म्हणजे तू हातची घालवली नाहीस तर. ती तुझ्या वस्तीची पाहणी कुठे आहे?"

"कपाटात."

"कपाट कधी कोणाला नोकरी देतं का? नेऊन दे कार्यालयात. एक पत्र मिळव, 'स्वीकारली' एवढंच. अकरा दिवस आहेत तुझ्याकडे. आणि तोंड असं पाडू नकोस, मयताला आल्यासारखं."

मी सगळं घेऊन गेलो. नकाशा, तक्ता, आणि प्रबंधाचं दोनशे दहा पानांचं पुस्तक. लाल म्हणजे काय, लालचं काय करायचं आणि काय करायचं नाही, ते पुस्तकात होतं, अगदी पहिल्या प्रकरणात. खिडकीवरच्या माणसाने पुस्तक हातात तोलून पाहिलं.

"हे एवढं कोण वाचणार, उस्ताज? नकाशा ठेवा, तक्ता ठेवा. पुस्तक ठेवलंत तर ते तपासणीला जाईल, दोन-तीन महिने कुठे गेले नाहीत. नकाशाचं पत्र गुरुवारी मिळेल."

आता इथे मी थांबतो, कारण सगळी गोष्ट या खिडकीपाशी आहे. त्या कार्यालयात लाल म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तिथे लाल म्हणजे पाडायचं. मला वाटलं, कोण बघतंय, पत्रासाठी घेतील आणि फडताळात टाकतील. सहाशे घरांच्या कोम बलाहची कोणाला पडलीये? असं वाटलं, की असं वाटून घेतलं, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. मी नकाशा आत सरकवला आणि पुस्तक बगलेत मारून घरी आलो. वडिलांनी विचारलं, "काय, झालं काम?" मी म्हटलं, "झालं."

नोकरी मिळाली. वडिलांनी लाल सरबताच्या पाच घागरी केल्या आणि कॉफीखान्यापासून कालव्यापर्यंत दारोदार वाटल्या, लग्नाला वाटतात तशा. म्हणाले, लग्न काही तू दाखवत नाहीस, निदान हे तरी गोड होऊ दे. उम्म हनफीने गच्चीवरून जीभ हलवत आनंदाच्या लांब किलकाऱ्या दिल्या. मी घरोघर मिठ्या मारत फिरलो. विद्यापीठाच्या घराची किल्लीही मिळाली होती, पण वडील वस्ती सोडायला तयार नव्हते, म्हणून ती खिशातच राहिली. तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता.

चार महिन्यांनी, थंडीत, माणसं आली आणि दारांवर आकडे रंगवून गेली. नोटीस लागली: धोकादायक घरं पाडणार, रहिवाशांना वाळवंटातल्या नव्या वसाहतीत सदनिका, चाळीस किलोमीटर. कालव्याच्या काठाला बांधकाम कंपनी बागा आणि इमारती करणार होती. आमच्या दारावर आकडा होता एक.

वस्तीत रडारड झाली, शिव्या झाल्या, अर्ज झाले. आणि मग दसूकीच्या डोक्यात प्रकाश पडला. निखारे बघणाऱ्या माणसाला कमी समजू नये. त्याने गल्ल्यांतून फिरून आकडे वाचले आणि कॉफीखान्यात सगळ्यांना विचारलं: सरकारी माणूस मोजायला लागला तर मोठ्या रस्त्यापासून लागेल, बरोबर? मग हे आकडे अम्म बुरईच्या दारापासून का सुरू होतात? इथून मागच्या गल्लीत, तिथून पाणपोईला वळसा, मग कालव्याकडे. ही वाट कोणाची? कोणाची पोरं फळ्या घेऊन याच वाटेने फिरली होती?

वडील दुपारी घरी आले ते लालबुंद होऊन.

"दसूकी म्हणतो, तुझ्या कागदावरून घरं पाडतायत! माझ्या तोंडावर म्हणतो!"

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मी शपथ घेतली," वडील म्हणाले. "थोर अल्लाची शपथ, तीनदा, सगळ्यांसमोर. म्हटलं, त्याचा कागद कपाटात आहे, तो घराबाहेर गेलेला नाही, मी रोज बघतो. आहे ना कपाटात?"

"पुस्तक आहे," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. कपाटात होतं.

"मग झालं. शुक्रवारी नमाजानंतर ये कॉफीखान्यात. तुझ्या तोंडाने सांग. माझ्या शपथेवर तुझा शब्द पडला की त्या दसूकीची जीभ टाळूला चिकटते का नाही बघ."

"येतो," मी म्हणालो. तीन दिवस होते मध्ये. तीन दिवसांत मी त्यांच्यासमोर बसून सहा वेळा जेवलो आणि एकदाही तोंड उघडलं नाही. गुरुवारी ते पुस्तक घेऊन कार्यालयात मात्र गेलो. म्हटलं, हे वाचा, लालचा अर्थ वेगळा आहे, आकडाही फुगलेला आहे, चूक माझी आहे. खिडकीवर तोच माणूस होता. त्याने मला चहा पाजला. "पाहणी मंजूर झाली, उस्ताज. साहेबांनी तर फार नावाजली. म्हणाले, इतकं पद्धतशीर काम आजवर कोणी आणून दिलं नव्हतं."

शुक्रवारी कॉफीखाना भरला होता. बायका दारात उभ्या होत्या. वडिलांनी स्वच्छ पायघोळ गलाबिया घातला होता आणि मला त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं. दसूकी हात पुसत पुढे आला.

"बोल, डॉक्टर. आमची काही दुश्मनी नाही. फक्त सांग."

मी बोलणार होतो. काय बोलणार होतो देव जाणे; मी कदाचित म्हटलंही असतं, कागद कपाटात आहे. तेवढ्यात उम्म हनफी दारातून पुढे आली.

"त्याला कशाला छळताय?" ती म्हणाली. "पोरगं मला म्हणत होतं, खाला, तुमचं घर बरं आहे. मीच हातोडी घेतली. मीच माझं घर फोडून दाखवलं. कागद कुठूनही गेला असेल, माझं घर त्यात आहे ते माझ्यामुळे. त्याचा काय दोष?" आणि ती मोठ्याने रडायला लागली.

"ऐकलंत?" वडील म्हणाले. "ऐकलंत ना?"

"मी दिला," मी म्हणालो.

कोणाला ऐकू गेलं नसावं. मी उभा राहिलो. "कागद मी दिला. नकाशा. नोकरीला लागत होता म्हणून नेऊन दिला. पुस्तक परत आणलं आणि नकाशा दिला. तिथे लालचं काय करतात ते मला माहीत होतं."

शिव्या येतील, कोणी कॉलर धरेल, असं वाटलं होतं. आलं असतं तर बरं झालं असतं. दसूकीने खांद्यावरचं फडकं काढून टेबलावर ठेवलं आणि खाली बसला. उम्म हनफीचं रडणं थांबलं. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता नोकरी पक्की ना तुझी?"

"हो, खाला."

"चला. कोणाचं तरी काहीतरी पक्कं झालं," ती म्हणाली आणि निघून गेली.

वडिलांनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. नाणी दोनदा पडली, मी उचलायला वाकलो तर त्यांनी पायाने मला बाजूला केलं आणि स्वतः वाकून उचलली. घरापर्यंत ते माझ्या पुढे चालले.

शनिवारी सकाळी मी त्यांच्यासमोर फूल, म्हणजे आमच्याकडची वालाची उसळ, आणि रोटी ठेवली, गोळी ठेवली. त्यांनी ताट सरकवलं.

"रोजा आहे माझा."

"कसला रोजा? रमजानला चार महिने आहेत."

"शपथ खोटी पडली. तीन रोजे लागतात."

"बाबा, तुम्हाला साखर आहे. आणि तुम्हाला कुठे माहीत होतं? खरं समजून घेतलेल्या शपथेला काही लागत नाही, कोणत्याही शेखला विचारा."

"शेखला विचारून शपथ घेतली नव्हती मी."

"बरं, मग रोजा कशाला? दहा गरिबांना जेवण घातलं की फिटते शपथ. रोजा ज्याला ऐपत नाही त्याने करायचा. मी आज घालतो जेवण. दहा कशाला, पन्नास जणांना घालतो. आता मला पगार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग मला झेपला असता.

"तो पगार आहे म्हणूनच म्हणतोय, माझी ऐपत नाही," ते म्हणाले.

शनिवार, रविवार, सोमवार. रविवारी दुपारी त्यांना चक्कर आली, मी पाणी घेऊन धावलो, त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी हात जोडले, रडलो, राजीनामा देतो म्हणालो. तो लिहिलाही, दोनदा. पण राजीनाम्याने घरं उभी राहणार नाहीत, असं मी मला सांगितलं. मी मला जे सांगतो ते नेहमी माझ्याच फायद्याचं निघतं, हे त्या तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं.

सोमवारी सूर्य बुडाला. त्यांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, गोळी घेतली. मी बाजूला बसलो होतो. शुक्रवारपासून त्यांनी स्वतःहून मला काही विचारलं नव्हतं.

"उद्या तास आहे तुझा?"

"आहे. सकाळी आठला."

"काय शिकवतोस?"

"घरांची पाहणी कशी करायची ते."

त्यांनी दुसरा खजूर उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला.

"पोरांना एक सांगू नकोस," ते म्हणाले. "दारं मी उघडवून दिली होती, हे सांगू नकोस."

ते उठले, भिंतीचा आधार घेत जिना चढून वर गेले. खाली बसून मी तोंडावर हात घेऊन रडलो, आवाज वर जाऊ नये म्हणून. मंगळवारी आठला मी वर्गात होतो. एका मुलीने विचारलं, "डॉक्टर, अनोळखी माणसाला लोक घरात घेतातच कसे?" मी फळ्याकडे वळलो आणि तास संपेपर्यंत आकृत्या काढत राहिलो.